सर्जन, सृजन आणि ‘मोकळा स्वभाव’

सांगलीची एक विद्यार्थिनी मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी इंग्रजी प्रश्नावली मराठीत करतेय. तिचे प्रश्न दोन: ‘क्रिएटिव्हिटी’ला सर्जनशीलता म्हणू की सृजनशीलता? आणि ‘ओपननेस’ला, म्हणजे नवे अनुभव नि नव्या कल्पना यांना मन खुलं असण्याच्या गुणाला, मोकळेपणा चालेल का?

पहिलं सोपं आहे. धातू सृज्, त्याला ‘अन’ लागला की गुण होऊन सर्जन. कृष्णेच्या घाटावर आपण गणपतीचं विसर्जन करतो, विसृजन नाही. सृजन हिंदीत सर्रास चालतं आणि आता आपल्याकडेही इतकं रुळलंय, की त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी मात्र सर्जनच लिहितो. मिरजेत ‘सर्जन’ अशी पाटी दिसली की माणूस आधी स्वतःचं पोट चाचपतो, ती गोष्ट वेगळी.

आणखी एक शब्द तुमच्या यादीत येणारच, ‘ओरिजिनॅलिटी’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या सर्जनशीलतेच्या प्रसिद्ध चाचणीत विटेचे जमतील तितके उपयोग सांगायचे असतात. किती सुचले, किती तऱ्हांचे, आणि इतरांना न सुचलेले किती, हे मोजतात. शेजारच्या आजींना विचारलं. ‘चूल मांडायला, दाराला लावायला, लोणच्याच्या फोडींवर दाब द्यायला. आणि विठोबाला उभं राहायला!’ हे शेवटचं उत्तर अमेरिकेत विरळा ठरेल, आमच्या गल्लीत निम्म्या जणी देतील. म्हणून इथं ‘मौलिकता’ नको. मौलिक म्हटलं की आपल्याला समारंभातलं मार्गदर्शन आठवतं. सरळ ‘वेगळेपण’ लिहा.

खरी गोम मोकळेपणात आहे. मानसशास्त्रात मानलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांपैकी सर्जनशीलतेशी सगळ्यात घट्ट नातं दिसतं ते याच ‘ओपननेस’चं; मानसशास्त्रज्ञ मॅक्रे यांनी १९८७ साली ते अशाच चाचण्यांतल्या गुणांशी ताडून दाखवलं. पण ‘मी मोकळ्या स्वभावाची आहे’ या वाक्याला आपल्याकडे हो म्हणेल कोण? जिच्या बोलण्यात आडपडदा नाही, जी चारचौघांत पटकन मिसळते ती. म्हणजे मोजायचं एक, मोजली जाणार बहिर्मुखता! मिरजेतला एखादा घुमा सतारमेकर घ्या. भोपळ्यापुढं दिवस काढील, चार शब्द बोलणार नाही, आणि मनात सतत ‘असं केलं तर?’ चाललेलं. तुमच्या कागदावर त्याला मोकळेपणात भोपळाच मिळेल.

मी ‘नव्याची ओढ’ सुचवेन. प्रश्नात तर गुणाचं नावही नको; ‘कधी न खाल्लेला पदार्थ चाखून बघावासा वाटतो’ असं काहीतरी विचारा.