मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची ग्राफ काढायची लायब्ररी) आडवी रेष एक्स २ ते ५ एवढ्याच भागात कशी काढायची? अ‍ॅक्सएचलाइन वापरलं तर रेष दिसतच नाही.

एक्समिन २ आणि एक्समॅक्स ५ दिलंत म्हणून गायब झाली. तिथे ० ते १ मधले आकडे लागतात: ० म्हणजे चौकटीची डावी कड, १ म्हणजे उजवी. तुमची रेष चौकटीबाहेर पडली, आणि एररही येत नाही. एचलाइन्स वापरा, त्याला अक्षावरचेच आकडे चालतात. आधी वाय, मग दोन्ही एक्स. तिरकी हवी असेल तर प्लॉटला दोन टोकं द्या.

अर्ध्या रेषेवरून मी एमटेकच्या सेमिनारमध्ये भांडलोय, म्हणून लिहितोय. एफई ५०० टीएमटी या बांधकामाच्या सळईची टेन्साइल टेस्ट, म्हणजे ती ओढून ताणायची चाचणी. यील्ड पॉइंट (जिथून सळई कायमची ताणली जाऊ लागते) ठळक नव्हता, म्हणून ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (स्ट्रेस म्हणजे दर क्षेत्रफळावरचं बल) काढायचा होता: स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ) ०.००२ पासून सुरुवातीच्या सरळ भागाला समांतर रेष न्यायची आणि ती वक्राला छेदेल तिथला स्ट्रेस वाचायचा. ई (त्या सरळ भागाचा चढ) दोन लाख एमपीए (स्ट्रेसचं एकक) धरला तर ५०० एमपीएचा छेद ०.००४५ ला येतो. मी छेदाच्या जरा वर रेष थांबवली. एका ज्येष्ठ सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मध्येच का तोडली? काही लपवताय का?" पूर्ण काढून आणा म्हणाले. आणली. ०.१२ स्ट्रेनपर्यंत तीच रेष २३,६०० एमपीएला पोचते! वाय अक्ष तिच्यामागे ताणला गेला आणि सळईचा अख्खा वक्र तळाला चिकटला. त्यावर उत्तर काय, तर "मग वाय लिमिट लावा." प्रबंधात तोच ग्राफ छापला गेला, आणि ते मला आजही पटलेलं नाही.

छेद मिळाला की त्या रेषेचं काम संपलं. फिटचंही, म्हणजे रीडिंगमधून बसवलेल्या रेषेचंही, तेच. ज्या रीडिंगवर फिट केला त्यांच्या किमान आणि कमाल एक्सच्या आतच रेष ठेवा. त्यापुढे नेलीत तर न घेतलेल्या रीडिंगबद्दल तुम्ही दावा करताय, आणि तो कुणाच्या दबावाखाली करू नका, गाइडच्याही नाही.

हां, बांधकामाच्या मानकातली (आयएस कोड) किमान मर्यादा दाखवायची असेल तर तिला पूर्ण रुंदीच हवी, तिथे अ‍ॅक्सएचलाइनच बरोबर. आणि अंदाजासाठी फिट पुढे न्यावाच लागला तर तेवढा भाग तुटक काढा आणि लेजंडमध्ये तसं लिहा.