जन्मांध बाळाच्या मेंदूतला 'पाहण्याचा' भाग वाया जातो का?

नाही, वाया जात नाही. त्या बदल्यात कान आपोआप तीक्ष्ण होतात का, हेही तुम्ही विचारलंय. मी अंध मुलांना ब्रेल शिकवते, त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे.

डोक्याच्या मागच्या बाजूचा हा भाग डोळ्यांकडून काही येईना की स्पर्शाचं, आवाजाचं, अगदी भाषेचंही काम अंगावर घेतो. लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा हाच भाग कामाला लागतो, हे मेंदूचे अभ्यासक नोरिहिरो सादातो आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात चुंबकीय स्पंदनांनी तिथे क्षणभर अडथळा आणला, तर वाचणारे चुकायला लागले. 2000 साली प्रसिद्ध झालेली एक नोंद मात्र मी विसरू शकत नाही. ब्रेलमध्ये तरबेज असलेल्या एका अंध बाईंना पक्षाघात झाला आणि मेंदूचा हाच भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला. बोटांना ठिपके जाणवायचे, पण त्यातून अक्षर उमटेना.

वयाचा फरक मोठा. साधारण 14 वर्षांनंतर दृष्टी गेलेल्यांवर तोच चुंबकीय प्रयोग केला, तेव्हा वाचनात तसा अडथळा आला नाही. मोठेपणी अंधत्व आलेली माणसंही ब्रेल शिकतात, नेटाने शिकतात. पण लहानपणी शिकलेल्या मुलीचं बोट ओळीवरून दाब न देता सरकतं आणि उजवा हात ओळ संपवतो तोवर डाव्याने पुढची ओळ शोधलेली असते.

कानांचं म्हणाल तर बारीक आवाज त्यांना काही जास्त ऐकू येत नाही. आवाज कुठून आला, किती लांबून आला, हे ओळखण्यात अनेक जण पुढे असतात, आणि त्यामागे लहानपणापासूनचा रोजचा सराव असतो.

म्हणून घरात असं बाळ असेल तर उचलण्याआधी त्याला हाक मारा. वस्तू दाखवताना त्याचा हात पकडून ओढू नका. तुमचा हात त्याच्या हाताखाली ठेवा, त्याचा तुमच्या हातावर येऊ द्या. पुढे काय आहे ते त्यालाच चाचपू दे, वेळ लागला तरी.

आणि अंधत्वाचं कारण जन्मजात मोतीबिंदू असेल तर एक दिवसही थांबू नका. दाट मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच काढावा लागतो, कारण पाहायला शिकण्याचा मेंदूचा सर्वात चांगला काळ तोच. मूल मोठं झालं असलं तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. भारतातल्या अंध मुलांवर उपचार करून ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या, मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात बऱ्याच उशिरा शस्त्रक्रिया झालेली मुलंही उपयोगी पडेल इतकं पाहायला शिकली आहेत.