बोट लागते, तरी स्कूबा करता येईल?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे मालवणला जाणार आहोत. मला घाटात एसटीसुद्धा लागते. स्कूबा करताना पाण्याखालीच उलटी आली तर तोंडातली नळी काढायची का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : काढायची नाही. नळीचा जो भाग दातांत धरतात तो रेग्युलेटर. उलटी येतेय असं वाटलं की तो हाताने तोंडावर घट्ट दाबून धरा आणि त्यातच उलटी करा. पातळ उलटी त्याच्या झडपेतून बाहेर पडते. उलटी झाली की माणूस आपोआप जोरात श्वास ओढतो; त्या वेळी तोंड मोकळं असेल तर पाणी छातीत जातं. लगेच रेग्युलेटरवरचं बटण दाबा, हवेच्या झोताने आतली घाण निघते. मग पहिला श्वास अगदी हळू घ्या. काही अडकलंच तर सोबतचा प्रशिक्षक आपला जादा रेग्युलेटर देतो.

श्वास रोखून घाईने वर मात येऊ नका. वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते, इजा होते. उलटीपेक्षा हा धोका कितीतरी मोठा. मळमळ सुरू होताच पंजा आडवा धरून डोलवा, मग पोटाकडे बोट दाखवा. हा इशारा प्रशिक्षकाशी आधीच ठरवून ठेवा.

खरं तर जास्त त्रास होतो तो थांबलेल्या बोटीवर. खाली गेल्यावर लाटांचा हेलकावा कमी होतो. म्हणून पहिल्या तुकडीत उतरू द्या म्हणून सांगा. तोवर बोटीच्या मधोमध, डिझेलचा धूर येणार नाही असं बसा. मोबाइल आत ठेवा आणि नजर किनाऱ्यावर किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर ठेवा. डोळ्यांना स्थिर काही दिसलं की कानातल्या तोलाशी त्यांचा गोंधळ कमी होतो.

लातूरहून रात्रभर गाडीत बसून, घाट उतरून सकाळी थेट बोटीत चढू नका. एक रात्र झोप काढा. उतरण्याच्या दोन तास आधी अर्धी भाकरी किंवा साधा भात खा. ठेचा, तळकट, दारू नको. उपाशीपोटीही मळमळतं. आलेपाकाने काहींना बरं वाटतं.

ॲव्होमिनसारख्या गोळीने गुंगी येते आणि पाण्याखाली सावध राहावं लागतं. त्यामुळे डायव्हिंग करणार आहात हे डॉक्टरांना सांगूनच गोळी ठरवा, आणि ती घरी सुट्टीच्या दिवशी एकदा घेऊन पाहा. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटून पडते.

बोटीवरच दोन-तीनदा उलटी झाली तर त्या दिवशी उतरू नका. अशा वेळी दुसरा दिवस मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.