परसातील शेकोटीवरचा स्वयंपाक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

थंडी पडू लागली की परसातील शेकोटीविषयी पत्रे येऊ लागतात. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण शेकोटीवर रांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येते, म्हणून तिच्यासाठी अधिक जागा घेतली आहे.

प्रश्न : आम्ही परसात विटांनी बांधलेला गोल खड्डा केला आहे. जाळ चांगला धरला की त्यावर लोखंडी जाळी ठेवून बटाटे, कणसे आणि मांसाचे तुकडे भाजतो. प्रत्येक वेळी बाहेरून सगळे करपते, आतून कच्चे राहते आणि वर काजळीची कडवट चव येते. लाकूड बदलून पाहिले, मसाला बदलून पाहिला. आमचे कोठे चुकते?

उत्तर : तुमचे चुकते ते लाकडात किंवा मसाल्यात नव्हे, तर वेळेत. तुम्ही जाळावर रांधता आहात आणि रांधायचे असते निखाऱ्यांवर. लाकूड तापले की त्यातून वायू बाहेर पडतात आणि ते वायू जळताना दिसतात, त्याला आपण जाळ म्हणतो. हा जाळ थंड पदार्थाला किंवा भांड्याच्या बुडाला टेकला की त्याचे जळणे अर्धवट राहते आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन तेथेच बसतो. शिवाय वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीबरोबर जाळ कलतो, त्यामुळे पदार्थाची एक बाजू भाजून निघते आणि दुसरी थंड राहते. वायू निघून गेल्यावर उरलेले निखारे मात्र फारसा धूर न करता जळतात आणि त्यांची धग खालून सर्वत्र बरीचशी सारखी लागते.

करपणे आणि कच्चे राहणे या दोन्ही तक्रारींचे मूळही एकच आहे. पदार्थाचा पृष्ठभाग साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की तो खमंग तांबूस होऊ लागतो. परंतु आतला भाग पाण्याने भरलेला असल्यामुळे तो 100 अंशांच्या वर जात नाही, आणि बाहेरची उष्णता त्याच्यापर्यंत फार सावकाश पोहोचते. जाळाची आच पृष्ठभाग काही मिनिटांत काळा करते, पण बटाट्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचवण्यासाठी लागणारा वेळ ती देतच नाही.

म्हणून जेवणाची वेळ ठरवून तिच्या निदान तासभर आधी शेकोटी पेटवा, आणि खड्ड्याचे मनाने दोन भाग करा. एका बाजूला लाकडे जळत राहू द्या. तो जाळ शेकण्यासाठी आणि नव्या निखाऱ्यांसाठी आहे. तयार झालेले निखारे लांब दांड्याच्या लोखंडी सळईने दुसऱ्या बाजूला ओढा आणि जाळी त्यांच्यावर ठेवा. निखाऱ्यांवर राखेचा पातळ पांढुरका थर दिसू लागला की ते रांधण्याजोगे झाले असे समजा. आच किती आहे हे तळहाताने कळते. जाळीच्या साधारण वीतभर वर हात धरून तो दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच तीव्र आहे आणि ती पातळ तुकड्यांसाठी योग्य आहे. पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम आहे, आणि आठ-दहा सेकंद धरवला तर मंद. अख्खे बटाटे, रताळी आणि कांदे यांना जाळी मुळीच लागत नाही. ते सालीसकट फुफाट्यात, म्हणजे बारीक निखारे मिसळलेल्या गरम राखेत, पुरून ठेवावेत. मध्यम आकाराचा बटाटा पाऊण ते एक तासात शिजतो. सळई आत सहज गेली की बाहेर काढा. साल काळी पडते, पण तीच आतल्या गराचे रक्षण करते, आणि ती सोलल्यावर निघणाऱ्या वाफेचा वास घेतला की तासभर थांबल्याचे चीज होते.

प्रश्न : झाडाची छाटणी केली तेव्हाच्या फांद्या घरी आहेत आणि जुन्या फर्निचरच्या फळ्याही आहेत. शेकोटीसाठी यांतले काय वापरावे?

उत्तर : फांद्या वापरा, पण या वर्षी नव्हे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पाण्याचा असू शकतो. ते पाणी वाफ होऊन निघून जाईपर्यंत लाकूड फुसफुसत धूर करीत राहते आणि शेकोटीची बरीच उष्णता त्या वाफेतच खर्च होते. लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकलेल्या पण बाजूंनी वारा लागेल अशा जागी सहा महिने ते दोन वर्षे रचून ठेवावे लागते. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला की ते जळण्यास योग्य होते. दोन वाळलेले तुकडे एकमेकांवर आपटले की टणत्कार होतो, ओल्यांचा आवाज बद्द येतो. निखाऱ्यांसाठी कठीण, जड लाकूड निवडा. चीडसारखे राळेचे लाकूड पटकन पेटते, पण काजळी आणि ठिणग्या फार देते.

फर्निचरच्या फळ्या मात्र शेकोटीत घालूच नका. रंग, पॉलिश आणि प्लायवूडमधील डिंक जळताना विषारी वायू सोडतात. आणि वाळवी लागू नये म्हणून ज्या लाकडावर प्रक्रिया केलेली असते, त्यात आर्सेनिक असू शकते, ते धुरातही जाते आणि राखेतही उरते. ज्या आगीवर आपण जेवण करणार आहोत, तिच्यात काय घातले हे आपल्याला नक्की ठाऊक असले पाहिजे.

प्रश्न : धूर नेमका आमच्याच तोंडावर येतो, मग आम्ही कोठेही बसलो तरी. शेजाऱ्यांनीही तक्रार केली आहे.

उत्तर : आग चारी बाजूंनी हवा ओढून घेते. ज्या बाजूला माणूस उभा असतो तेथे तो प्रवाह अडतो, म्हणून धूर त्या बाजूला कलतो. वारा असेल तर त्याच्याकडे पाठ करून बसा आणि खड्ड्याच्या काठाशी हवेसाठी फटी ठेवा. शेजाऱ्यांची तक्रार रास्त आहे. थंडीच्या निरभ्र, निवांत संध्याकाळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि धूर वर न जाता खालीच साचून राहतो. अशा दिवशी शेकोटी दुपारी पेटवा आणि अंधार पडण्याआधी नुसत्या निखाऱ्यांवर या. जवळपास दम्याचा रुग्ण असेल तर त्या दिवशी पेटवू नका.

प्रश्न : थंडीत बाहेर वाढलेले अन्न ताटात येताच गार होते. म्हणून शिजलेले मांस शेकोटीच्या कडेला ठेवून हळूहळू खाल्ले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि शेकोटीच्या कडेची कोमट जागा नेमकी या टप्प्यात येते. शिजलेले मांस दोन तासांहून अधिक काळ तसे ठेवू नये. शिजले की नाही हेसुद्धा रंगावरून ठरवू नका, कारण शेकोटीच्या उजेडात सगळेच तांबूस दिसते. कोंबडीच्या मांसाच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटर खुपसून 74 अंश झाल्याची खात्री करा. कच्च्या मांसाचे ताट आणि चिमटा वेगळा ठेवा.

अन्न गरम ठेवण्याचे काम बिडाच्या जाड भांड्यावर सोपवा. बीड सावकाश तापते, पण तापल्यावर उष्णता बराच वेळ धरून ठेवते. झाकण असलेल्या भांड्यात दाट सूप किंवा रस्सा करून ते मंद निखाऱ्यांवर, अधूनमधून बुडबुडे येत राहतील असे ठेवा आणि थोडे थोडे वाढून घ्या. थंडीत बाहेर पडून राहिलेले बिडाचे भांडे एकदम प्रखर धगीवर ठेवू नका आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका, दोन्ही वेळा ते तडकू शकते. ताटेही शेकोटीजवळ जरा तापवून घेतली तर वाढलेले अन्न लगेच निवत नाही.

प्रश्न : जेवण झाल्यावर निखारे शिल्लक राहतात. ते लोखंडी घमेल्यात घेऊन खोलीत ठेवले तर रात्रभर ऊब राहील असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : वडीलधाऱ्यांचा मान राखून, पण ठामपणे नाही म्हणावे. धुमसणारे निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि झोपलेला माणूस जागा न होताच दगावू शकतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे मानू नये. बंद खोली, तंबू, गॅरेज, झाकलेला व्हरांडा यांपैकी कोठेही निखारे नेऊ नका. उबेसाठी गरम पाण्याची पिशवी अंथरुणात घ्या.

निखारे खड्ड्यातच विझवा. पाणी थोडे थोडे, बाजूला उभे राहून शिंपडा, कारण एकदम ओतल्यास वाफ आणि गरम राख अंगावर उडते. मग राख सळईने ढवळून पुन्हा पाणी शिंपडा आणि तळापर्यंत सारे गार लागेपर्यंत हे चालू ठेवा. राखेखाली झाकलेला विस्तव दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. म्हणून राख काढायची झाल्यास ती झाकणाच्या धातूच्या बादलीत भरा आणि बादली घराच्या भिंतीपासून व सरपणापासून दूर, उघड्या जमिनीवर ठेवा.