प्लॅनेटरी गिअरबॉक्सचा आवाज आणि दातांची झीज कशी कमी करावी?
या गिअरबॉक्समध्ये मधल्या सन गिअरभोवती काही प्लॅनेट गिअर असतात आणि त्यांच्या बाहेरून आतल्या बाजूला दात असलेला रिंग गिअर असतो. आधी भार सगळ्या प्लॅनेट गिअरवर सारखा पडतोय का ते पाहा. कॅरिअरच्या (प्लॅनेट गिअर धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) पिना जरा जरी सरकल्या असतील तर एकच गिअर बहुतेक ओझं ओढतो आणि तोच आधी झिजतो. तीन प्लॅनेट असतील तर सन गिअर थोडा मोकळा, तरंगता ठेवा. तो आपोआप मधली जागा शोधतो. हा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आवाजाचं मूळ बरेचदा दातांच्या संख्येत असतं. सन गिअरला २७ आणि रिंग गिअरला ८१ दात घेतले की तिन्ही प्लॅनेटचे दात एकाच क्षणी भिडतात, धक्के एकत्र येतात. २८ आणि ८० घेतले तर ते आळीपाळीने भिडतात. हेलिकल (तिरके कापलेले) दातही शांत चालतात, पण अक्षीय (अक्षाच्या दिशेने येणारा) जोर पेलणारी बेअरिंग लागतात. तेल स्वच्छ ठेवा, योग्य घट्टपणाचं वापरा.