वाचनवर्गात गोष्टीचं तात्पर्य विचारू नका

तुम्हाला कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांचा वाचनवर्ग घ्यायचाय, आणि गोष्टींतून ‘मी कोण’ आणि मूल्यं यांवर त्यांना बोलतं करायचंय. सुरुवात कुठून करावी, हा तुमचा प्रश्न.

‘तात्पर्य काय’ हे सोडून कुठूनही करा. ते विचारलं की पोरं वक्तृत्व स्पर्धेतली उत्तरं फेकतात: प्रामाणिकपणा, मोठ्यांचा आदर, विषय संपला. पालक मागं बसले असतील तर बघायलाच नको. पात्र काय निवडतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, तेवढंच पान उघडा.

‘श्यामची आई’मधलं ‘श्यामचे पोहणे’ घ्या. पाण्याला भिऊन श्याम माळ्यावर लपतो, आई शिंपटीनं मारून त्याला विहिरीवर धाडते. पोराला कुणी भित्रा म्हणू नये ही तिची तळमळ. आता विचारा: भित्रा हे कोण ठरवतं, श्याम की गाव? आई कुणाला भिते? ‘मारणं बरोबर की चूक’ यात वर्ग अडकणारच. दहा मिनिटं भांडू द्या, मग मूळ प्रश्नावर आणा.

दुसऱ्या वेळी हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकातली टोपी, जादूच्या शाळेत कोण कुठल्या हाउसमध्ये जाणार ते ठरवणारी. स्लिदरिन हे बदनाम हाउस नको असं हॅरी मनात घोकतो आणि टोपी ऐकते. ‘म्हणजे आपण निवडतो’ असं मुलं लगेच म्हणतात. मग अकराव्या वर्षीच स्लिदरिनचा शिक्का बसलेल्या पोराचं काय? आणि आपल्याकडं शाहू स्टेडियमवर फुटबॉलला कुणी ‘पाटाकडील’ संघासाठी ओरडायचं आणि कुणी ‘शिवाजी’साठी, हे ठरवायला टोपीसुद्धा लागत नाही, गल्ली पुरते. इथं वर्ग पेटतो. फक्त गट पेठेप्रमाणं पाडू नका, चिठ्ठ्या टाकून पाडा.

वर्गात मुलं १२ ते १५ जण, वेळ ५० मिनिटं, पानं तीन-चार. साने गुरुजींच्या लेखनाचे हक्क आता खुले आहेत, झेरॉक्स बिनधास्त काढा. हॅरी पॉटरचं पुस्तक मात्र वाचनालयातून आणा. आळीपाळीनं मोठ्यानं वाचन झालं की बोलायच्या आधी प्रत्येकानं बिननावाच्या चिठ्ठीवर एक वाक्य लिहायचं आणि ते तुम्ही वाचायचं. नाहीतर पहिला जो जोरात बोलतो, त्याचंच मत सगळ्यांचं होतं.

शेवटी तोच प्रसंग आईच्या, नाहीतर स्लिदरिनमधल्या पोराच्या तोंडून दहा ओळींत लिहायला द्या. शुद्धलेखन तपासू नका, पुढच्या वेळी वही कोरी येईल.