बीजगणिताचा शोध नक्की कोणी लावला?

कुणा एकाचं नाव सांगता येणार नाही. इ.स.पू. १८००च्या आसपास बॅबिलोनियातले लेखनिक मातीच्या पाट्यांवर वर्गसमीकरणं सोडवत होते. एका पाटीवरचं उदाहरण असं: चौरसाचं क्षेत्रफळ आणि बाजू मिळून ३/४, तर बाजू किती? रीत आपलीच, पूर्ण वर्ग करायची. उत्तर १/२. फक्त चिन्हं नाहीत, सगळं शब्दांत.

मला सगळ्यात मोठी झेप वाटते ती ब्रह्मगुप्ताची. इ.स. ६२८मध्ये त्याने शून्य आणि ऋण संख्यांचे नियम मांडले. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. ९२य² + १ = र² हे पूर्णांकांत वर्षभरात सोडवील तो खरा गणिती, असंही तो म्हणतो. (य = १२०, र = ११५१. ताळा करून बघाच!) पुढे ११५०मध्ये भास्कराचार्यांनी ९२च्या जागी ६१ घेऊन चक्रवाल पद्धतीने (म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करत) दहा अंकी उत्तर काढलं. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.

नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीने समीकरणांचे सहा प्रकार पाडले, कारण तो ऋण सहगुणक वापरत नव्हता. मात्र आपल्या रीतींना त्याने भूमितीच्या सिद्धताही दिल्या. ज्ञात-अज्ञात दोन्हींसाठी अक्षरं पद्धतशीरपणे वापरली ती फ्रान्सच्या व्हिएतने, १५९१मध्ये.